कोपर दुखत असेल तर चेंडू खाली ठेवा

गेल्या आठवड्यात एक निवृत्त मास्तर दवाखान्यात आले. रक्तदाब पाहून झाला तरी उठेनात. म्हणाले, "डॉक्टर, लेकीचा मुलगा न्यू जर्सीत हायस्कुलात बेसबॉल खेळतो. सोळा वर्षांचा. ताशी ८० मैलांनी चेंडू टाकतो म्हणे. परवा फोनवर हळूच म्हणाला, कोपर दुखतं, पण आईला सांगू नका."

आधी वेगाचे पाहू. तिथले हायस्कुलातले पिचर साधारणपणे ताशी ७५ ते ८५ मैल, म्हणजे १२० ते १३७ किलोमीटर वेगाने चेंडू टाकतात. नव्वद ओलांडणारे थोडे. कॅलिफोर्नियाच्या हंटर ग्रीनने २०१७ साली शाळेत असतानाच १०२ मैल गाठले. आपल्या फास्ट बोलरसारखी धाव पिचरला नसते. पाय, कंबर आणि धड यांचा जोर खांद्यातून हातात उतरतो आणि सगळा ताण कोपराच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर येतो. या वयात तिथल्या हाडाची वाढही पुष्कळदा पुरी झालेली नसते, म्हणून तेही दुखावते.

त्याच ग्रीनच्या कोपरावर २०१९ मध्ये शस्त्रक्रिया करावी लागली. ही शस्त्रक्रिया डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ साली टॉमी जॉन या पिचरवर प्रथम केली. त्याच्या दुसऱ्या हातातला स्नायुरज्जू काढून कोपरात बसवला. ती केली की वेग वाढतो, असा काही पालकांचा समज आहे. तो साफ चुकीचा.

जपानच्या रोकी सासाकीने २०१९ मध्ये शाळेत असतानाच ताशी १६३ किलोमीटर गाठले. त्याच जुलैत इवाते प्रांताच्या अंतिम सामन्यात प्रशिक्षकांनी त्याला खेळवलेच नाही, कारण आदल्या दिवशी त्याने १२९ चेंडू टाकले होते. संघ हरला, प्रशिक्षकांवर टीकेची झोड उठली. मला मात्र तो माणूस मोठा वाटतो. अमेरिकेतही २०१४ पासून मार्गदर्शक मर्यादा आहेत: १५-१६ वर्षांच्या मुलाने दिवसाला ९५ चेंडू, पुढे सक्तीची विश्रांती. पण दुखत असेल तर एकही नाही. वेदनाशामक गोळी घेऊन तर मुळीच नाही.

मास्तरांना म्हटले, "नातवाचा शब्द मोडा. लेकीला सांगा, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवून एक्स-रे काढा."

"पुन्हा मला काही सांगायचा नाही तो," मास्तर म्हणाले. तिकडे रात्र झाली होती, तरी फोन त्यांनी माझ्यासमोरच लावला.