उंदराची आकडी थांबली, आता पुढे?

अपस्मारावर आज पंचवीसहून अधिक औषधं आहेत. तरी जवळपास एक तृतीयांश रुग्णांच्या आकड्या त्यांनी पूर्ण थांबत नाहीत. म्हणून नवी संयुगं बनवायची आणि तपासायची. या कामात आणि ते शिकवण्यात इतकी वर्षं गेल्यावर जे पक्कं वाटतं, ते एम. फार्म.च्या नव्या मुलांसाठी लिहितो आहे.

१. संयुग शुद्ध असल्याशिवाय प्राणीगृहाकडे जायचं नाही. टीएलसी प्लेटवर एक ठिपका दिसला एवढ्यावर समाधान मानू नका. द्रावकाचं मिश्रण बदलून पाहा, वितळणबिंदू पाहा, एनएमआर नीट वाचा. रेणूचं डावं-उजवं रूपसुद्धा महत्त्वाचं असतं. लॅकोसामाइडमध्ये आकडी थांबवण्याची ताकद आहे ती ‘आर’ रूपात. त्याच्या आरशातल्या प्रतिमेत, म्हणजे ‘एस’ रूपात, ती फारच थोडी आहे. दोन्हींची सरमिसळ तपासली तर मिळालेला आकडा नेमका कशाचा, हे सांगता येत नाही.

२. नुसतं द्रावक दिलेला उंदरांचा गट हवाच. व्हॅल्प्रोइक आम्ल १८८२ साली तयार झालं आणि पुढे ऐंशी वर्षं निव्वळ द्रावक म्हणून वापरात राहिलं. १९६२ मध्ये फ्रान्समधल्या ग्रनोबल इथे पिएर एमार वेगळ्याच संयुगांवर काम करत होते. ती विरघळवायला त्यांनी हे आम्ल घेतलं. चाचणीत बघावं ते संयुग आकडीविरोधी! गुण द्रावकाचा होता. जगभरातले लाखो रुग्ण आज ज्याच्या गोळ्या घेतात ते औषध असं हाती आलं.

३. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे: चाचणी ही चाळणी आहे आणि तिची छिद्रं आपणच ठरवलेली असतात. फेनिटॉइन बिल्ट्झ यांनी १९०८ मध्ये बनवलं, पण झोप आणत नाही म्हणून ते बाजूला पडलं. आकडीवरचं औषध गुंगी आणणारंच असणार, असा तेव्हाचा समज होता. मेरिट आणि पटनम यांनी बॉस्टनमध्ये मांजरांना विजेचा झटका देऊन आकडी आणण्याची रीत बसवली, तेव्हा १९३८ मध्ये त्याचं खरं मोल कळलं. पुढे हाच विजेचा झटका, म्हणजे आपली ‘एमईएस’, सगळीकडे पहिली चाचणी झाली. उंदराचे मागचे पाय ताठ लांबले नाहीत की संयुग पास.

आता हे पाहा. इथोसक्सिमाइड लहान मुलांच्या ॲब्सेन्स आकडीवरचं हुकमी औषध, पण एमईएसमध्ये ते नापास होतं. पीटीझेड टोचून आकडी आणली तर मात्र ते उंदराला वाचवतं. फेनिटॉइनचं नेमकं उलटं. आणि लेव्हेटिरासेटॅम? धडधाकट उंदरांवरच्या या दोन्ही चाचण्यांत त्याचा प्रभाव दिसलाच नाही. ज्यांच्या मेंदूला वारंवार सौम्य झटके देऊन आकडीची सवय लावली होती, त्या प्राण्यांवर ते लागू पडलं. ते एसव्ही२ए या प्रथिनाला चिकटतं, हे २००४ मध्ये समजलं. जुन्या चाळणीवरच सगळे विसंबले असते तर आपल्या तालुक्याच्या गावीही मिळणारी ही गोळी कचऱ्यात गेली असती. म्हणून प्रबंधात ‘संयुग निष्क्रिय’ असं लिहू नका. ‘या मात्रेला, या चाचणीत निष्क्रिय’ असं लिहा.

४. रोटारोड टाळू नका. फिरत्या दांड्यावरून उंदीर घसरत असेल, तर आकडी खरंच थांबली की तो नुसता गुंगीत आहे, हा प्रश्न उरतोच. किती मात्रेला उपयोग आणि किती मात्रेला तोल जातो, या दोहोंतलं अंतर मोठं हवं.

५. प्रत्येक उंदराचा हिशेब प्राणी-नीती समितीपुढे मांडायचा असतो. ही कागदाची कटकट नाही. संगणकावर तपासून, रेणू मेंदूत शिरेल का याचा अंदाज घेऊन निम्मी संयुगं आधीच गाळता येत असतील, तर ती गाळलीच पाहिजेत. प्रबंध जाड दिसावा म्हणून त्याच साच्यातली वीस संयुगं जनावरांना टोचणं मला मान्य नाही.

६. उंदरात यश आलं की वर्तमानपत्रात ‘नवं औषध सापडलं’ अशी बातमी येते आणि रुग्णांचे नातेवाईक आशेनं विचारू लागतात. त्यांना खरं ते सांगा. फेल्बामेट सगळ्या चाचण्या ओलांडून १९९३ मध्ये अमेरिकेत बाजारात आलं. हाडांच्या मगजात रक्त तयार होणं बंद पडतं आणि यकृत निकामी होतं, हे १९९४ मध्ये रुग्ण दगावल्यावर कळलं. प्रयोगशाळेतल्या रेणूला माणसापर्यंत पोचायला दहा-बारा वर्षं सहज लागतात आणि बहुतेक रेणू पोचतच नाहीत. तोवर चालू असलेली गोळी कुणीही आपल्या मनानं बंद करू नये. ती एकाएकी थांबवली तर न थांबणारी आकडी येऊन जीवही जाऊ शकतो. गोळीत बदल हवा असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.