हुन्नर कागदावर आणा

आकाशकंदिलाचा धंदा चालतो वीस-पंचवीस दिवस आणि पोसावा लागतो वर्षभर. दसऱ्याच्या सुमारास दुकानांबाहेर कंदील लटकू लागतात, वसुबारसेला गर्दी शिगेला पोचते आणि भाऊबीज उलटली की तोच कंदील निम्म्या किमतीतही कोणी घेत नाही. मुंबईत माहीमच्या कंदील गल्लीत किंवा पुण्यात बोहरी आळीत त्या दिवसांत फिरलात तर नुसता झगमगाट दिसेल. संक्रांतीपासून चाललेली कापाकापी, उन्हाळ्यात तासून ठेवलेल्या कामट्या आणि पावसाळ्यात ओलीपासून जपलेले कागदाचे गठ्ठे दिसणार नाहीत.

पुण्यात मी हा धंदा बरीच वर्षं करते आहे. घरातल्या दोन खोल्या, नगावर काम करणाऱ्या आळीतल्या बायका, हिशेबाला माझी जाऊ आणि नवे नमुने बसवायला मी, एवढाच आमचा कारखाना. छोटा धंदा काढणाऱ्या मुली हल्ली सल्ला विचारायला येतात. त्यांच्या हातात कला असते, कष्टाची तयारीही असते. धंदा एवढ्यावर निम्माच होतो. उरलेला निम्मा बिलात, चलनात आणि अर्जात असतो. तो निम्मा आम्हाला कसा उमगला, ते सांगते.

पूर्वी कंदिलात चाळीस-साठ वॅटचा पिवळा बल्ब लावत. तो तापायचा, म्हणून कंदील ऐसपैस ठेवावा लागे. एलईडी आले आणि लहान, अरुंद कंदील करता येऊ लागले. त्यातून घडी होणारा कंदील सुचला. कामट्या नाहीत, नुसती जाड कार्डशीट, ठरावीक ठिकाणी दुमड, वर पतंगाच्या कागदाच्या करंज्या आणि खाली शेपट्या. सपाट पाकिटात मावतो, म्हणून अमेरिकेतल्या मुलीला किंवा दुबईतल्या भावाला पाठवता येतो. दिसायला सोपा, पण बसवायला घाम निघाला. कागदाच्या तंतूंना आडवी दुमड दिली की कार्डशीट कडेला तडकते आणि रंग फाटल्यासारखा दिसतो. शीट कापतानाच तंतूंची दिशा पाहावी लागते आणि तसं केलं की एका शीटमधून नग कमी निघतात. खळ पावसाळ्यात बुरसते, तिला झुरळं लागतात. जुने बुकबाइंडर खळीत मोरचूद घालत, ती युक्ती कामी आली. परतीच्या पावसात गडद गुलाबी रंग पांढऱ्यावर उतरला, तेव्हा तो रंगच बाद केला.

कंदील चालला. मग एका मोठ्या दुकानाने ठोक मागणी दिली. अट अशी की माल जाकडावर, विकला जाईल त्याचे पैसे, उरेल तो परत. मोसमी मालात ही रीत सर्रास आहे. दुकानातल्या फळीवर आपला माल दिसतो, या आनंदात तिच्याविरुद्ध कोणी बोलत नाही. दिवाळी संपली. तुळशीच्या लग्नानंतर चेपलेल्या, चुरगळलेल्या कंदिलांचे खोके परत आले. विकल्या गेलेल्या मालाचे पैसे होळी झाली तरी येतच होते. बायकांची मजुरी मात्र दिवाळीआधीच द्यायची असते, ती घरातून दिली. आणि पुढच्या मोसमात आमचाच घडीचा कंदील, तीच दुमड, त्याच करंज्या, फक्त चकचकीत प्लास्टिकच्या थरासह, दुसऱ्याच नावाने निम्म्या किमतीत बाजारात आला.

त्या वर्षी एका वकिलांकडे आणि एका कर सल्लागारांकडे पुष्कळ बसलो. तिथे कळलेलं आणि पुढे वापरून पाहिलेलं असं.

किंमत काढताना स्वतःला मजूर धरा

उदाहरणादाखल एका कंदिलाचा हिशेब मांडते. कागद, दोरा, खळ मिळून 65 रुपये. नगाची मजुरी 55. पाकीट आणि वाहतूक 20. फुटतूट आणि न खपलेल्या मालापोटी 15. झाले 155. छापील किंमत 300, त्यातले 40 टक्के दुकानाचे, म्हणजे तुमच्या हाती 180. नगामागे 25 रुपये सुटले, असं वाटतं. आता नमुना बसवण्याचे, शीट आणायला जाण्याचे, रात्री खोके भरण्याचे तुमचे तास नगांवर वाटून 30 रुपये धरा. खर्च 185 झाला, म्हणजे नगामागे 5 रुपयांचा तोटा. मागणी हजार नगांची असेल, तर पाच हजार रुपये पदरचे घालून तुम्ही दुकानदाराची दिवाळी साजरी केली.

घरच्या घरी चालणारे बहुतेक धंदे या 30 रुपयांपाशी फसतात. घरची बाई राबते म्हणून तिचं काम फुकट, ही सवय हिशेबाच्या वहीतही शिरते. तुमच्या तासांची मजुरी धरून किंमत परवडत नसेल, तर नमुना सोपा करा, थेट गिऱ्हाइकाला विका किंवा ती मागणी सोडा. मजुरी वगळून किंमत बसवू नका.

नमुना दाखवण्याआधी नोंदवा

वस्तूच्या रूपाला, म्हणजे आकार, नक्षी, सजावट यांना 2000 च्या डिझाइन्स कायद्याखाली संरक्षण मिळतं. नोंदणी 10 वर्षांची असते आणि पुढे 5 वर्षं वाढवता येते. मुख्य अट अशी की नमुना नवा हवा आणि अर्जाआधी तो लोकांसमोर आलेला नसावा. प्रदर्शनात मांडला, इन्स्टाग्रामवर टाकला, दुकानात विकला, की तो प्रकट झाला. सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांसाठी सवलत आहे, पण तिथेही आधी कळवावं लागतं आणि मुदतीत अर्ज करावा लागतो. सोसायटीच्या हॉलमधलं दिवाळी प्रदर्शन तिच्यात बसत नाही.

‘चित्र माझं आहे, कॉपीराइट आहेच’ असं पुष्कळांना वाटतं. कॉपीराइट कायद्याच्या कलम 15 मध्ये याचं उत्तर आहे. डिझाइन म्हणून नोंदवता येण्याजोगा नमुना तुम्ही नोंदवला नाही आणि त्यावरून औद्योगिक पद्धतीने 50 पेक्षा जास्त नग काढले, की त्या नमुन्यावरचा कॉपीराइट संपतो. डाय बनवून कापणाऱ्याचे 50 नग एका दुपारी होतात.

नोंदणीच्या मर्यादाही ओळखा. षटकोनी कंदील किंवा चांदणी यांच्यावर कोणालाच हक्क सांगता येत नाही, तो सगळ्यांचा वारसा आहे. कंदील उघडतो कसा, ही यांत्रिक करामत डिझाइनमध्ये येत नाही, फक्त डोळ्यांना दिसणारं रूप येतं. नक्कल सिद्ध झाली तरी डिझाइन्स कायद्याच्या कलम 22 खाली दर वेळी जास्तीत जास्त 25 हजार आणि एका नमुन्यामागे एकूण 50 हजार रुपये मिळतात. नाहीतर नुकसानभरपाईचा दावा लावावा लागतो. म्हणून प्रत्येक चिटोऱ्यासाठी अर्ज करत बसू नका. चार-पाच वर्षं चालेल असा नमुना निवडा आणि अर्ज थंडीतच करा, कारण प्रमाणपत्र हाती येईपर्यंत महिने जातात. नावाचं मात्र वेगळं. ट्रेडमार्क 10 वर्षांनी पुन्हा पुन्हा वाढवता येतो. नमुने बदलत राहतील, नाव टिकेल, तेव्हा पैसे मोजकेच असतील तर आधी नावावर घाला.

माल देताना मुदत लिहून घ्या

उद्यम, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट आहे. 1 जुलै 2020 पासून ती ऑनलाइन होते, आधार क्रमांक लागतो आणि एजंटाची गरज नसते. ही नोंदणी मागणी स्वीकारण्याआधीची असावी. नंतर केली, तर जुन्या मालाला तिचा लाभ मिळतो का, यावर वाद उभे राहतात.

2006 च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघुउद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर ठरलेल्या तारखेला द्यावे लागतात, पण ही मुदत 45 दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. लेखी ठरलं नसेल तर मुदत 15 दिवसांची. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. बँक दर 6 टक्के धरला तर हे व्याज 18 टक्के होतं. तरीही पैसे आले नाहीत, तर ऑनलाइन अर्ज करून थकलेल्या पैशांचे वाद ऐकणाऱ्या सुविधा परिषदेकडे जाता येतं. परिषदेचा निवाडा खरेदीदाराला मान्य नसेल, तर आव्हान देताना त्याला 75 टक्के रक्कम आधी भरावी लागते.

2023 च्या वित्त कायद्याने याला आयकराची जोड दिली. मुदत उलटून मार्चअखेरही पैसे दिले नसतील, तर त्या खरेदीची वजावट खरेदीदाराला त्या वर्षी मिळत नाही. दुकानाच्या हिशेबनिसाला हे पक्कं ठाऊक असतं. बिलावर उद्यम क्रमांक छापा, मुदतीची तारीख लिहा. फेब्रुवारीत नम्र स्मरणपत्र पाठवा. माझ्या अनुभवात भांडणापेक्षा त्याने लवकर पैसे येतात.

आणखी एक बारीक गोष्ट. माल पोचल्यापासून 15 दिवसांत खरेदीदाराने लेखी तक्रार केली नाही, तर त्याने माल स्वीकारला असं कायदा धरतो. म्हणून चलनावर तारखेसह सही घ्या आणि खोके बंद करण्याआधी फोटो काढा. चेपलेले कंदील कोणाकडे चेपले, हा वाद तिथेच मिटतो.

जाकडाच्या मालाला मात्र यातलं बरंचसं लागू करणं अवघड. विक्रीच पक्की नसेल, तर मुदत कुठल्या दिवसापासून मोजायची? सणाचा माल जाकडावर देऊच नये, असं माझं मत आहे. आम्ही आता निम्मी रक्कम आगाऊ घेतो आणि उरलेला माल परत घेत नाही. दोन दुकानं त्यावर तुटली. राहिलेल्यांची मागणी लहान आहे, पण पैसे वेळेवर येतात.

कल्पकता जपण्यासाठी

राजा रविवर्म्याची चित्रं घराघरांत पोचली ती त्याच्या छापखान्यामुळे. 1894 मध्ये मुंबईत काढलेला तो छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. देवादिकांची त्याची चित्रं लोकांनी भिंतीवर लावली, पुजली, आणि इतरांनी त्यांच्या नकला छापल्या. पण छापखाना कर्जात गेला आणि अखेर त्यातल्याच एका जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. एवढा मोठा चित्रकार आणि एवढी मागणी असूनही धंदा बुडू शकतो, हे कलेच्या जोरावर उतरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

ज्याला उधारीची काळजी आहे, त्याला नवं सुचत नाही, हे मी स्वतः भोगलं आहे. पैसे वेळेवर येऊ लागल्यावर आम्ही मार्गशीर्ष आणि पौष फक्त नव्या नमुन्यांना देतो. त्या महिन्यांत मागणी घेत नाही. दरवर्षी निदान एक नमुना असा करतो की ज्याला हाताचं काम जास्त लागतं आणि ज्याची डाय बनवून नक्कल करणं परवडत नाही. नव्या कंदिलाचे फोटो घटस्थापनेआधी बाहेर जाऊ देत नाही. आणि काम करणाऱ्या बायकांना नमुना दाखवून विचारतो, कारण दुमड कुठे तडकेल हे त्यांच्या बोटांना माझ्याआधी कळतं. ज्या बाईची सूचना नमुन्यात उतरते, तिला त्या मोसमात नगामागे वाढीव दर देतो.

कष्ट करा, हे मराठी घरात वेगळं सांगावं लागत नाही. पण कष्टाचे पैसे मागताना आपली जीभ अडखळते. ओळखीच्या माणसाकडून सही कशी घ्यायची, मुदतीची तारीख कशी लिहायची, असं वाटतं. ती भीड सोडा. सही मागितल्यावर बिचकणारा दुकानदार पैसे देतानाही बिचकेल, हे आधी कळलेलं बरं. येत्या मोसमाचा पहिला नग घराबाहेर पडण्याआधी तीन कामं उरका: उद्यम क्रमांक घ्या, चांगला नमुना आणि नाव यांच्या अर्जांचं काय ते ठरवा आणि स्वतःची मजुरी धरून किंमत काढा. मग बिनधास्त माल पाठवा.