बॅट हवी, पैसे टिकत नाहीत

प्रश्न : चौदा वर्षांच्या मुलाला बॅट घ्यायचीय, पण खाऊचे पैसे वडापावातच उडतात. काय करावं?

उत्तर : बॅट २,४०० रुपयांची धरली, तर आठवड्याला १५० बाजूला टाकून १६ आठवड्यांत हातात येते. हा हिशेब मुलानेच मांडून कपाटाच्या दारावर चिकटवायचा, आईने नव्हे.

साठवलेल्या पैशांचा डबा घरात असला की हात जातोच. दहा वर्षांवरील मुलाला टपाल कार्यालयात स्वतःच्या नावाने बचत खातं उघडता येतं. त्यात किमान ५०० रुपये ठेवावेच लागतात. तेवढे आईने घालावेत. टपालाची आवर्ती ठेव मात्र इथे नको. ती पाच वर्षांची, तोवर पोरगा कॉलेजात!

एखाद्या आठवड्यात वडापाव जिंकलाच, तर गुपचूप भर घालू नये. बॅट आठवडाभर लांबते, एवढंच.