जुनी बुलेट घेतली, विम्याचे काय?

प्रश्न : मित्राकडून ३५० सीसीची जुनी बुलेट घेतली. विम्याची मुदत अजून सात महिने आहे. नावावर करून घ्यायलाच हवा का? – एक वाचक, सातारा

उत्तर : हवाच, आणि तेही १४ दिवसांच्या आत. गाडी विकली गेली की थर्ड पार्टी विमा कायद्याने आपोआप नव्या मालकाकडे जातो. त्यामुळे धडक बसलेल्या माणसाची भरपाई अडत नाही. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण मात्र असे सरकत नाही. आरसी नव्या नावावर आणि पॉलिसी जुन्या, अशा अवस्थेत गाडी घसरली किंवा चोरीला गेली तर दावा फेटाळला जातो, आणि खरेदीदार नेमका इथेच फसतो.

मित्राचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर मिळत नाही. तो मालकाचा असतो. हस्तांतर करताना तेवढा फरक भरावा लागतो. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमाही स्वतःच्या नावाने घ्यावा.

खर्चाचे म्हणाल, तर थर्ड पार्टीचा दर इंजिनावर ठरतो. जून २०२२ पासूनच्या दरांत १५० ते ३५० सीसीला वर्षाला १,३६६ रुपये, त्यापुढे थेट २,८०४. दोन्हींवर कर वेगळा. तुमची बुलेट ३५० सीसीची, म्हणून ती स्वस्त गटात बसते.

विम्याशिवाय पकडले गेल्यास पहिला दंड २,००० रुपये, पुन्हा सापडल्यास ४,०००. तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. आरटीओची कागदपत्रे करतानाच विमा कंपनीकडेही अर्ज देऊन टाका.