बर्फातील वाट

मुलांनो, पावसाळ्यात ओढ्याला पूर आला की गावाची वाट बंद होते. पण पुराचे पाणी काही तासांत ओसरते. थंड प्रदेशात पडलेला बर्फ मात्र आठवडेच्या आठवडे तसाच राहतो. मग तेथील लोक वाट कशी मोकळी करतात?

अमेरिकेच्या ईशान्य भागात व्हरमाँट नावाचे राज्य आहे. तेथे दुधाचा व्यवसाय मोठा आहे. अनेक शेतकऱ्यांची घरे व गोठे मुख्य रस्त्यापासून बरेच आत असतात. मुख्य रस्त्यावरील बर्फ सरकारी गाड्या काढतात. घरापर्यंतची वाट मात्र ज्याची त्यानेच साफ करायची असते.

आता एक हिशोब करा. वाट 200 मीटर लांब व 3 मीटर रुंद आहे. तिच्यावर 30 सेंटिमीटर बर्फ पडला. म्हणजे 180 घनमीटर बर्फ झाला. ताज्या बर्फाचे वजन घनमीटरला 100 किलोग्रॅम धरले, तर एकूण वजन 18 टन भरते! एवढा बर्फ फावड्याने कोण काढणार? म्हणून शेतकरी ट्रॅक्टरला रुंद लोखंडी पाते लावतो. चाके घसरू नयेत म्हणून त्यांना साखळ्या बांधतो.

पण खरे काम बर्फ पडण्याआधीच सुरू होते. जमीन गोठून कठीण होण्यापूर्वी शेतकरी वाटेच्या दोन्ही कडांना उंच काठ्या रोवतो. बर्फ पडला की वाट, शेत आणि खड्डा सारखेच पांढरे दिसतात. तेव्हा या काठ्याच ट्रॅक्टरला वाट दाखवतात.

नवशिका माणूस पहिला बर्फ वाटेच्या काठाशीच लोटतो. तो ढीग गोठून दगडासारखा होतो. पुढच्या बर्फाला जागा उरत नाही आणि वाट अरुंद होत जाते. जाणता शेतकरी पहिलाच बर्फ काठापासून दूर ढकलतो. तो बर्फ सार्वजनिक रस्त्यावरही टाकत नाही. आपली वाट मोकळी करताना दुसऱ्याची अडवायची नाही, असा तेथील कायदाही आहे.

वाट बंद राहिली तर काय होईल? दुधाची टाकीगाडी गोठ्यापर्यंत येणार नाही. टाकी भरली की जास्तीचे दूध ओतून द्यावे लागेल. रात्री घरात कोणी आजारी पडले, तर रुग्णवाहिका मुख्य रस्त्यावरच अडकेल. म्हणून पहाटे, अंधार असतानाच, शेतकरी ट्रॅक्टर सुरू करतो.

मुलांनो, आपल्याकडे बर्फ पडत नाही. पण कामे साचतात. आजचे काम करताना उद्याच्या कामासाठी जागा ठेवावी, हे त्या शेतकऱ्याकडून आपणही शिकू या.

स्वाध्याय
1. शेतकरी वाटेच्या कडांना काठ्या का रोवतो?
2. पहिला बर्फ काठापासून दूर का ढकलावा लागतो?
3. तुमच्या गावात किंवा मोहल्ल्यात वाट कशामुळे बंद होते? ती कोण मोकळी करते? पाच वाक्ये लिहा.