आवराआवर आपल्याच हाताने

साताऱ्याचं घर विकून पुण्याला मुलाच्या जवळ दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये जायचं ठरलं, तेव्हा आवराआवरीला चांगली सवड होती. त्यातच ह्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. मी दवाखान्यात आणि घर आवरायला पुतणे, भाचे, धाकटी जाऊ. त्यांनी कंबर कसून काम केलं. माळा, कोठीची खोली, मागची पडवी, सगळं चार-पाच दिवसांत मोकळं झालं. पण कुठला कागद कशाचा, हे त्यांना कसं कळावं? रद्दीच्या गठ्ठ्यांत मामंजींच्या नावची शेअर सर्टिफिकेटं गेली.

पुढे मृत्यूचा दाखला, वारसांच्या सह्या, प्रतिज्ञापत्र, हमीपत्र, नोटरी अशी यातायात झाली. तुमच्याकडे असे कागद असतील तर आधी ते शोधा. कागदी शेअर आता तसेच विकता येत नाहीत, डिमॅट करून घ्यावे लागतात. सलग ७ वर्षं लाभांश कुणी घेतला नाही, तर शेअर सरकारच्या आयईपीएफ या निधीकडे वर्ग होतात. १० वर्षं कुणी न विचारलेल्या बँक ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. दोन्ही परत मागता येतात, पण मागायला हातात कागद लागतो. म्हणून मी सांगते, भांड्यांच्या आधी कागदांना हात घाला. पेन्शनची पीपीओ, घराचं खरेदीखत, इंडेक्स टू, सातबारा, विम्याच्या पॉलिस्या, जन्ममृत्यूचे दाखले एका पिशवीत घाला आणि ती पिशवी टेम्पोत चढवू नका, स्वतःजवळ ठेवा.

जुनी मोडीतली कागदपत्रं निघाली तर ती रद्दीत टाकू नका. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून असल्याच कागदांचं काम करतं. त्यांना निदान दाखवा तरी. पुस्तकांचं तसं नाही. वाचनालयं सरसकट सगळं घेत नाहीत. आधी फोन करून यादी सांगा. वाळवी लागलेली आणि अभ्यासक्रमातून गेलेली पुस्तकं कुणालाच नको असतात.

सगळ्यांत जीव अडकतो तो भांड्यांत. सासूबाईंच्या पितळी हंड्याच्या गळ्याशी ठिपक्याठिपक्यांनी त्यांचं नाव घातलेलं आहे. बोट फिरवलं तर एकेक ठिपका लागतो. तो हंडा मी ठेवला. पण घंगाळ, बंब, पंचवीस पानांची पंगत उठेल एवढी पातेली आता कोण वापरणार? मोडीत देण्याआधी लेकी-सुनांना, भाच्यांना बोलावून विचारा, आणि ज्याला जे हवं ते तेव्हाच त्याच्या हातात द्या. ‘नंतर घेऊन जाते’ म्हणून बाजूला काढलेलं सामान शेवटच्या दिवशी आपल्याच गळ्यात पडतं. मोड घालायचीच असेल तर वजन आपल्यासमोर करून घ्या.

देवांचं मात्र घाईने करू नका. टाक कुणाकडे जायचे, कुळाचार कोण चालवणार, हे भावाभावांत बसून ठरवावं लागतं. आमच्याकडे ते फोनवर उरकलं आणि त्यातून जे दुखलं ते अजून दुखतं आहे.

फोटोंच्या मागे पेन्सिलीने नावं लिहा. आमच्या एका जुन्या फोटोतल्या निम्म्या बायका आज कुणालाच ओळखता येत नाहीत, कारण ओळखणाऱ्या आत्याबाई गेल्या.

लाकडी सामान ठरवताना नव्या खोल्यांची मापं घ्या, लिफ्टच्या दाराचं आणि जिन्याच्या वळणाचंही घ्या. शिसवी कपाट खोलीत मावेल, पण वर चढणार कसं? आमचं चढलं नाही. ते खालीच पार्किंगमध्ये मिळेल त्या किमतीला द्यावं लागलं.

नवराबायकोंनी एक गोष्ट आधीच ठरवावी. प्रत्येकाचं एक खोकं असं असावं की दुसऱ्याने त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. ह्यांच्या खोक्यात बंद पडलेला रेडिओ आहे, माझ्यात मुलाची झबली.

घर बदलायचं अजून मनातही नसेल, तरी साठी उलटली असेल तर दर दिवाळीच्या साफसफाईत एक कपाट कायमचं हलकं करा. गुडघे धड आहेत, स्टुलावर चढता येतंय, तोवर माळा स्वतः उतरवा. मदतीला माणसं जरूर बोलवा, पण काय ठेवायचं आणि काय द्यायचं हे ठरवायला तुम्ही स्वतः तिथे बसा.