जुने ते सोने, पण पारखून

मुलांनो, 'जुने ते सोने' ही म्हण तुम्ही ऐकली असेल. पण घरात कोणाची वापरलेली वस्तू आणायची म्हटली, की आपण नाक मुरडतो. "लोक काय म्हणतील?" असे मनात येते. खरे तर जुनी वस्तू वापरण्यात लाजण्यासारखे काहीच नाही. ती वस्तू चांगली आहे का, आणि आपल्या घरात तिचे काही काम आहे का, एवढेच पाहायचे असते. जुन्या बाजारात अचानक हाती लागलेल्या वस्तूंनी निजायची खोली कशी सजवावी, ते आज आपण पाहू.

त्यासाठी शहाड गावाचे उदाहरण घेऊ. मध्य रेल्वेने कल्याणहून कसाऱ्याकडे निघालात, की पहिले स्थानक लागते ते शहाड. त्याला लागूनच उल्हासनगर आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथे सैनिकांसाठी छावण्या बांधल्या होत्या. १९४७ साली देशाची फाळणी झाली. सिंधमधून घरदार सोडून आलेल्या हजारो कुटुंबांना या छावण्यांत आसरा मिळाला. सैनिकांच्या लांबलचक बराकी हीच त्यांची घरे झाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वसाहतीला उल्हास नदीवरून 'उल्हासनगर' हे नाव मिळाले. तेथील भागांना लोक आजही 'कॅम्प एक', 'कॅम्प दोन' असेच म्हणतात.

पाहा बरे! एका मोठ्या शहराची सुरुवातच दुसऱ्यांनी वापरून सोडलेल्या इमारतींतून झाली. सैनिकांच्या बराकींत लोकांनी चुली मांडल्या, पाळणे बांधले आणि आपले संसार उभे केले. जागा जुनीच होती, पण माणसांनी तिला घरपण दिले.

आता जुन्या वस्तू मिळतात कोठे? आपल्या दारावर भंगारवाला येतो. जुने कपडे घेऊन भांडी देणारी बोहारीण येते. कोणी घर बदलले, की काही सामान विकून टाकतो. मुंबईत मटन स्ट्रीटवरचा चोर बाजार तर फार प्रसिद्ध आहे. जुनी घड्याळे, आरसे, दिवे, लाकडी सामान असे तेथे काय काय दिसते! हा मूळचा 'शोर बाजार', म्हणजे गोंगाटाचा बाजार होता आणि 'शोर'चे पुढे 'चोर' झाले, असे लोक सांगतात. पुण्यातही मंगळवार पेठेत जुना बाजार भरतो.

नव्या वस्तूंच्या दुकानात आपण यादी घेऊन जातो. जुन्या बाजारात ती यादी चालत नाही. आपण मेज शोधायला जातो आणि समोर येतो आरसा! मग माणूस गोंधळतो. जे स्वस्त दिसेल ते घेऊन येतो आणि खोलीची अडगळ होते. यावर एक सोपा उपाय आहे. वस्तूंची यादी करू नका, गरजांची यादी करा. 'मेज हवे' असे लिहू नका, 'लिहायला जागा हवी' असे लिहा. मग कोणती जुनी वस्तू आपल्या कामाची आहे, हे तुमचे डोळेच तुम्हांला सांगतील.

समजा, तुम्ही शहाडच्या एका चाळीत राहता. निजायची खोली दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद आहे. तुमची आपा यंदा दहावीला आहे. रात्री दादीजान आणि लहान भावंडे निजली, की दिवा मालवावा लागतो. आपा स्वयंपाकघरात ओट्याजवळ बसून अभ्यास करते. परीक्षा तर जवळ आली आहे. नवे मेज घेण्याइतके पैसे घरात नाहीत. तुमच्याजवळ ईदीचे थोडे पैसे जमले आहेत. गरजांची यादी अशी होईल : लिहायला जागा, पुस्तके ठेवायला जागा, इतरांच्या डोळ्यांवर न येणारा उजेड आणि थोडा आडोसा.

ही यादी मनात ठेवून अब्बांबरोबर भंगाराच्या दुकानात जा. कोपऱ्यात शिवणयंत्राचा जुना लोखंडी सांगाडा पडलेला असतो. यंत्र केव्हाच निघून गेलेले असते. त्या सांगाड्यावर जुन्या दाराची फळी घट्ट बसवली, की झाले मेज! फळांच्या दोन लाकडी पेट्या एकमेकींवर ठेवून नीट बांधल्या, की पुस्तकांची मांडणी तयार होते. मान वळवता येणारा एखादा दिवा मिळाला, तर उजेड फक्त वहीवर पडतो. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने दिवा डावीकडे ठेवावा, म्हणजे हाताची सावली अक्षरांवर पडत नाही. अम्मीची जुनी ओढणी दोरीवर टाकली, की आडोसाही होतो.

घेण्यापूर्वी मोजमाप मात्र जरूर करा. खिशात मोजपट्टी असू द्या आणि खोलीची, दाराची, जिन्याची मापे कागदावर लिहून न्या. सुंदर कपाट स्वस्तात मिळाले, पण ते दारातून आत शिरलेच नाही, तर काय उपयोग? लिहिण्याचे मेज साधारणपणे ७५ सेंटिमीटर उंच आणि खुर्चीची बैठक ४५ सेंटिमीटर उंच असावी. यात फार फरक पडला, तर पाठ आणि मान दुखू लागते.

वस्तू पारखावी कशी, तेही लक्षात ठेवा. लाकडावर बोटांनी टकटक करा. पोकळ आवाज आला किंवा खाली बारीक भुगा दिसला, तर वाळवी किंवा भुंगा लागला आहे असे समजा. जुने सागवान चांगले टिकते, कारण त्यात नैसर्गिक तेल असते. भुसा दाबून केलेल्या फळ्या पाण्याने फुगतात. २६ जुलै २००५ च्या महापुरात कल्याण-उल्हासनगर भागात कितीतरी घरांत पाणी शिरले होते. म्हणून तळमजल्यावर राहणाऱ्यांनी लाकडी सामान विटांवर उचलून ठेवलेले बरे.

खाटेच्या फटींत ढेकूण असतात, म्हणून फटी नीट पाहा. वापरलेली गादी शक्यतो घेऊच नका. जुन्या दिव्याची वायर इलेक्ट्रिशियनकडून बदलून घ्या. जुना रंग तुम्ही स्वतः घासू नका, कारण त्यात शिसे असू शकते आणि त्याची धूळ नाकातोंडात जाते. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशावर कडक मर्यादा आली ती नोव्हेंबर २०१७ पासून. म्हणून असे काम मोठ्या माणसांनी, पाणी लावून, तोंड झाकून करावे.

आता तुम्ही म्हणाल, "या सगळ्या वस्तू वेगवेगळ्या घरांतून आल्या. मग खोली विस्कळीत दिसणार नाही का?" दिसेल, जर तुम्ही त्यांना एका सूत्रात बांधले नाही तर. एक रंग निवडा. समजा, निळा. मेजाचा सांगाडा निळा, पेट्यांच्या कडा निळ्या, पडद्याची किनार निळी. एवढ्याने त्या वस्तू एका घरातल्या वाटू लागतील. आणि भिंत थोडी मोकळी राहू द्या. प्रत्येक कोपरा भरलाच पाहिजे असे नाही.

आपल्या आजीची गोधडी आठवा. फाटके लुगडे, जुना सदरा, उरलेले तुकडे. त्यांतला एकही तुकडा गोधडीसाठी विकत आणलेला नसतो. तरी टाके घालून ती किती सुंदर दिसते! सिंधमध्ये अशाच ठिगळांच्या पांघरुणाला 'रल्ली' म्हणतात. उर्दूत आपण 'गुदडी' म्हणतो, आणि जुन्या वस्तूंच्या बाजारालाही 'गुदडी बाजार' म्हणतो. आपली भाषासुद्धा अशीच आहे. मराठीतील पडदा, चादर, मेज, खुर्ची हे शब्द फारसी-अरबीतून आले. पण आज ते मराठीच्या घरात असे बसले आहेत, की कोणाला ते परके वाटत नाहीत.

आणखी एक गोष्ट. जुन्या मेजाचा खण उघडल्यावर त्यात कधी कोणाचे छायाचित्र सापडते, कधी एखादे प्रमाणपत्र. मेज तुम्ही विकत घेतले, पण ते कागद विकत घेतलेले नाहीत. ते दुकानदाराकडे नेऊन द्या. कोणीतरी ते शोधत असेल. तसेच, वस्तू कोठून आली हे दुकानदार सांगायला तयार नसेल, तर ती कितीही स्वस्त असो, घेऊ नका.

जुन्या मेजावर बसून लिहिलेले उत्तर जुने होत नाही. परीक्षकाला मेज दिसत नाही, त्याला दिसते ते फक्त लिहिलेले. आपाला रात्री निवांत बसायला एक कोपरा मिळाला, तर खोली सजली असेच म्हणायचे.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) उल्हासनगर हे नाव कोणत्या नदीवरून मिळाले?
(आ) बोहारीण जुन्या कपड्यांच्या बदल्यात काय देते?
(इ) उजव्या हाताने लिहिणाऱ्याने दिवा कोणत्या बाजूला ठेवावा?

२. कारणे द्या.
(अ) जुन्या बाजारात वस्तूंची यादी चालत नाही.
(आ) जुना रंग मुलांनी घासू नये.

३. 'नाक मुरडणे' या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा.

४. तुमच्या घरातील एका जुन्या वस्तूविषयी पाच ओळी लिहा. ती घरात कशी आली, हे घरातील मोठ्या माणसांना विचारा.